वही आणि पाच डबे

स्टुडिओच्या मधल्या खोलीत दोन सतरंज्या अंथरल्या होत्या आणि आप्पा एकेक वस्तू आणून कधी या सतरंजीवर, कधी त्या सतरंजीवर ठेवत होते. कॅमेरे दोन, एक इकडे, एक तिकडे. छत्रीचे दिवे चार; दोन इकडे, दोन तिकडे. निळा पडदा इकडे, ताजमहाल रंगवलेला पडदा तिकडे. ताजमहालापुढे उभं राहायला कोणी येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण वाटणी म्हटली की लोक फुटकी बादलीसुद्धा मोजतात. तसा तोही मोजला गेला.

नाना भिंतीला टेकून बसले होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. मधोमध खुर्चीवर त्यांचे मामा, तासगावहून मुद्दाम बोलावलेले. मी दारात, हातात चहाचा ट्रे घेऊन.

विट्यातला रोहिणी फोटो स्टुडिओ या दोन भावांचा. थोरले विश्वनाथ तारळेकर, त्यांना अख्खं गाव आप्पा म्हणायचं. धाकटे मोरेश्वर, ते नाना. मी कुंदा. बारा वर्षं त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर बसत होते. फोटो काढायचे त्यांनी. निवडायचे, उजळायचे, नवरीच्या गालावरची पुटकुळी घालवायची, नावं टाकून जागच्या जागी लावायचे मी. हे सगळं सांगायला आज बरं वाटतं, पण त्या दिवशी त्या खोलीत माझी किंमत चहाच्या ट्रेएवढी होती.

आमच्या भागात वाटणीची रीत अशी की वाटे थोरल्यानं करायचे आणि आधी उचलायचं धाकट्यानं. म्हणजे थोरल्याला लबाडी करायची सोय राहत नाही, कारण वाईट वाटा त्याच्याच गळ्यात पडायचा. जमिनीला ठीक, भांड्यांना ठीक. कॉम्प्युटरला ही रीत लावणारे तेवढे आमचेच दोन बहाद्दर.

सगळ्यात शेवटी तीच राहिली होती, कॉम्प्युटरची वाटणी. त्यातली गोम कळायला आमचं काम कसं चालायचं ते सांगायला पाहिजे. स्टुडिओत कॉम्प्युटर तीन. एक खाली काउंटरवर, एक मोठा माडीवर, आणि नानांचा स्वतःचा लॅपटॉप. फोटो यांतल्या एकातही नसायचे. अडीच-तीन लाख फोटो कुठे मावणार? ते पाच काळ्या डब्यांत असायचे, वायरीनं जोडायचे ते डबे असतात ना, त्यांच्यात. आणि कोणता फोटो कुठल्या डब्यात, तो कुणाचा, त्याचा उजेड किती वाढवायचा, कडा कुठे कापायच्या, हे सगळं ज्यात लिहिलेलं असायचं तिला मी वही म्हणायची. वही मोठ्या कॉम्प्युटरवर. फोटो डब्यात, आणि फोटोचं काय करायचं ते वहीत. दोन्ही जोडलं की आमचं भांडार उघडायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर काम असलं की वही पेनड्राइव्हवर तिकडे न्यायची आणि संपलं की परत आणून ठेवायची, ही ने-आण माझ्याकडे. एका वेळी वही एकाचीच. ज्याच्याकडे वही त्यानं खुर्चीला लाल रिबीन बांधायची, म्हणजे बाकीच्यांनी हात लावायचा नाही. कुठल्याशा दुकानाच्या उद्‌घाटनात कापलेली रिबीन होती ती. बारा वर्षं तिच्यावर धंदा चालला.

आणि त्याच रिबिनीवरून मोडला. एप्रिलात मी चार दिवस आतेबहिणीच्या लग्नाला गेले. आप्पा माडीवर वही उघडून बसले, पण मालकानं कसली रिबीन बांधायची म्हणून बांधली नाही. नानांना रिबीन दिसली नाही, म्हणून त्यांनी आदल्या आठवड्याची वही लॅपटॉपवर उघडली, तिच्यात स्वतःचं काम केलं आणि रात्री जाऊन मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली, आप्पांच्या वहीवरच. आप्पांचं चार दिवसांचं काम गेलं. मी परत आले तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आप्पा म्हणे, यानं माझी वही पुसली. नाना म्हणे, यानं रिबीन का बांधली नाही. चार दिवसांचं काम चार दिवसांत परत झालं असतं. पण त्यावरून निघालेलं बोलणं आईच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं इथपर्यंत गेलं, आणि मग मामांना फोन झाला.

तर आप्पांनी मोठा कॉम्प्युटर उचलून पहिल्या सतरंजीवर ठेवला. मग जरा विचार करून काउंटरवरचा छोटा आणि पाचही काळे डबे दुसऱ्या सतरंजीवर. एका बाजूला एक मोठी वस्तू, दुसऱ्या बाजूला सहा लहान. मामांनी मान डोलावली. मी न राहवून म्हटलं, आप्पा, ते असं वेगळं नाही करता येत.

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चहा ठेव आणि जा बाई. घरातलं चाललंय हे."

नानांनी मोठ्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. त्यांना माहीत होतं की तो सुरू केला की बारा वर्षांचे सगळे फोटो नावानिशी समोर येतात. आप्पांनी निवांत श्वास सोडला. त्यांना माहीत होतं की खरा माल डब्यात आहे. दोघांच्या तोंडावर मला एकच भाव दिसला, समोरचा फसला म्हणून. मी ट्रे ठेवला आणि खाली आले. पुन्हा सांगता आलं असतं, ओरडून सांगता आलं असतं. पण माझाही पारा चढला होता. म्हटलं, घरातलं आहे ना? मग बघा घरातच.

बारा वर्षं मी एकटीनं जमवलेलं ते भांडार माझ्या डोळ्यांदेखत उभं चिरलं गेलं. तेव्हा पर्समध्ये एक पेनड्राइव्ह होता. दर शनिवारी वहीची एक नक्कल मी त्यावर घेऊन ठेवायची, हे कुणाला सांगितलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

आप्पा जुन्या जागेत राहिले. नानांनी रस्त्यापलीकडचा गाळा घेतला, अगदी समोर. दोघांनी मला बोलावलं, दोघांना मी नाही म्हटलं आणि हसीनाभाभींच्या पिठाच्या गिरणीवरची खोली घेऊन तिथे माझं स्वतःचं काम सुरू केलं. गिरणी चालू झाली की टेबल थरथरायचं आणि कीबोर्डावर पिठाचा थर बसायचा. पण वर कुणी मालक नव्हता.

आठ दिवस झाले नाहीत तोच नाना जिना चढून आले. गलाईवाल्या बाजीराव साळुंख्यांच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम द्यायचा होता. आमच्या भागातले कितीतरी लोक देशभर सोनं गाळायच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, त्याला गलाई म्हणतात. कुणी कानपूरला, कुणी सेलमला. पण लग्नं करायला सगळे मे महिन्यात गावाकडे येतात आणि पाऊस लागायच्या आत परत जातात. साळुंखे सेलमचे. गुरुवारी निघणार होते, आणि अल्बम घेतल्याशिवाय मुलीच्या सासरी तोंड दाखवणार नव्हते. सासरकडच्या शंभर माणसांना येता आलं नव्हतं, त्यांना लग्न दिसणार होतं ते त्या अल्बमात.

नाना म्हणाले की कॉम्प्युटर लावला, लग्नाचे चौदाशेच्या चौदाशे फोटो नखाएवढे बारीक दिसतात, पण कुठल्याही फोटोवर बोट ठेवलं की प्रश्नचिन्ह येतं आणि फाइल सापडत नाही म्हणतं. त्यांना वाटत होतं आप्पांनी काहीतरी करून ठेवलंय. मी त्यांना सांगितलं की आप्पांनी काही केलेलं नाही, तुमच्याकडे वही आहे, फोटो समोरच्या दुकानात आहेत. मग म्हणाले, तू आप्पाकडनं एका दिवसापुरते डबे आण, काहीतरी सांगून. मी म्हटलं, मी काय चोर आहे?

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. त्यांचं दुखणं उलट बाजूचं. डबे उघडतात, फोटो मोठे आणि स्वच्छ दिसतात, पण नाव नाही, गाव नाही, नुसते नंबर. एका गिऱ्हाइकाच्या बारशाचा फोटो शोधायला चव्वेचाळीसशे एकतीस नंबर उघडला, तर त्या नंबरचे अकरा फोटो निघाले. एकात जावळ, एकात नवा ट्रॅक्टर, एकात कुणाची तरी पंच्याहत्तरी. तीन दिवस ते डब्यांत डोकं घालून बसले होते. डोळे लाल झालेले. मीही फोटो आहेत म्हणून उड्या मारत होतो, म्हणाले, आणि मग जरा आवाज उतरवून त्यांनी विचारलं की वही तेवढी पेनड्राइव्हवर आणता येईल का, मोऱ्याला न सांगता.

वही त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती, माझ्या पर्समध्ये. दिली असती तर आप्पांचं दुकान त्याच संध्याकाळी चालू झालं असतं, आणि नानांचं कायमचं बंद पडलं असतं. मी पर्स मांडीवर ओढून घेतली आणि त्यांनाही तेच सांगितलं, मी चोर नाही. दोघांनीही डबे आणि वही एका टेबलावर आणावं, पाच मिनिटांचं काम आहे, असंही सांगितलं. आप्पा म्हणाले, त्याच्या तोंडाकडे मी या जन्मात बघणार नाही. नाना आदल्या दिवशी हेच म्हणाले होते, शब्द वेगळे होते इतकंच.

शेवटी तिढा सोडवला तो साळुंख्यांनी. पांढरा शर्ट, बोटात तीन अंगठ्या, आणि आवाज असा की खालची गिरणी थांबली की काय वाटावं. ते माझ्या खोलीत येऊन बसले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या भट्टीत सोनं आणि घाण एकत्र येतं, ते वेगळं करायचं हा माझा धंदा. या दोघांनी एकत्र असलेलं चांगलं सोनं घेतलं आणि निम्मं निम्मं घाणीत घातलं. बुधवारी चार वाजता दोघं इथं येतील. कसे आणायचे ते मी बघतो."

कसे आणले ते मला माहीत नाही. पण बुधवारी चारला पाच मिनिटं कमी असताना नाना आले, स्कूटरवर मोठा कॉम्प्युटर शालीत बांधून. लगोलग आप्पा, आईच्या लुगड्याची शिवलेली एक पिशवी होती तिच्यात पाच डबे घालून. माझं टेबल पुरेना म्हणून हसीनाभाभींनी खालचं टेबल दिलं. नाना खिडकीशी बसले, आप्पा दाराशी, आणि साळुंखे मधे, पाय पसरून.

मी वायरी जोडल्या. पडद्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हं होती. मी वहीला डबे दाखवले, आणि वरच्या टोकापासून एकेक प्रश्नचिन्ह जायला लागलं. त्याला वेळ लागतो. बसून बघण्यापलीकडे काही करायचं नसतं.

भांडारात सगळ्यात वर मी घरचे म्हणून एक कप्पा केला होता. कामातून वेळ मिळाला की हे दोघं एकमेकांचे फोटो काढायचे, ते मी गोळा करून तिथे टाकायची. तो कप्पा आधी उघडला. रिकाम्या मांडवात कॅमेरा छातीवर धरून झोपलेले आप्पा. तोंडात अख्खी जिलेबी कोंबलेले नाना. पावसात भिजलेले, डोक्यावर गोणपाट घेतलेले आप्पा. आईच्या खाटेपाशी बसून तिचे केस विंचरणारे नाना. फोटो काढणारा स्वतःच्या फोटोत नसतो. त्या कप्प्यात आप्पांचे जेवढे फोटो होते तेवढे नानांनी काढलेले, आणि नानांचे आप्पांनी.

केस विंचरण्याच्या फोटोवर आप्पा पडद्यापाशी वाकले, मग परत मागे जाऊन बसले. साळुंख्यांनी पसरलेले पाय आवरून घेतले.

दोन तासांत लग्नाचं काम उरकलं. तीनशे फोटो अल्बमवाल्याला रातोरात छापायला पाठवले. साळुंख्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघून गेले. आता खोलीत आम्ही तिघं. मी वायरी काढायला हात घातला, तेवढ्यात आप्पा माझ्याकडे बघून, म्हणजे नानांकडे न बघता, म्हणाले, "कुंदा, आता जोडलंच आहे तर दोघांकडे दोन्ही करून दे. त्याला फोटो दे, मला वही दे. म्हणजे मिटलं."

होण्यासारखं होतं ते. एक रात्र कॉम्प्युटर चालू ठेवला असता, आणखी पाच डबे आणले असते, की दोघांकडे अख्खं भांडार झालं असतं आणि दोघं एकमेकांपासून कायमचे मोकळे झाले असते. बरोबर आणि न्यायाचं तेच होतं. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. आणि बाहेर आलं भलतंच.

मी म्हटलं, "नाही होत. या वहीची आणि या डब्यांची आता गाठ पडलीय. दुसऱ्या कशावर उचलून नेलं की ती सुटते. मागच्या वेळी वही इकडची तिकडे केली तेव्हा काय झालं ते विसरलात?"

असं काही नसतं. गाठ नाही, काही नाही. बारा वर्षं मीच ती वही खिशात घालून वरखाली नेत होते. आप्पांनी माझ्याकडे रोखून बघितलं. वाटलं, आता पकडली.

"ती नाही होत म्हणते तर नाही होत," नाना खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "तिला कळतं त्यातलं."

"मग करायचं कसं?" आप्पांनी मला विचारलं.

मी सांगितलं की गिऱ्हाइकांची जुनी कामं साठवून ठेवायची आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी चार वाजता दोघांनी आपापलं घेऊन इथे यायचं. नानांनी कॉम्प्युटर शालीत बांधला, आप्पांनी डबे पिशवीत भरले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी चारला दोघं हजर होते.

त्याला आज अकरा वर्षं झाली. सुरुवातीला त्यांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. त्याला सांग हळू श्वास घे, पडदा हलतो. त्याला म्हणावं डबा नीट ठेव, पडेल. मी मधे बसून दोन्हीकडे निरोप द्यायची, जसं काही दोघं दोन गावांत बसलेत. थेट बोलले ते पाचव्या की सहाव्या महिन्यात, आणि तेही भांडणच. जत्रेतल्या पैलवानाचा एक फोटो निघाला. आप्पा म्हणाले हा माझा. नाना म्हणाले, तुझा? तुझा हात हलतो, हा हललेला नाही. वहीत बघितलं तर फोटो आप्पांचा निघाला. नाना म्हणाले, मग त्या दिवशी हलला नसेल. आप्पा हसले. मी उठून चहा टाकला, कारण मला तिथे बसवेना.

पुढे पुढे काम नसलं तरी यायला लागले. नानांच्या सुनेनं केलेले लाडू यायचे, आप्पांकडचे पेरू यायचे. दोघांच्या बायकांत अजून धड जात-येत नाही, दुकानं अजून समोरासमोर आहेत, आणि गिऱ्हाईक एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की तोंडं अजून फुगतात. पण पहिला शनिवार कधी चुकला नाही. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक होतं. एक थाप मारली आणि दोन भावांना एका टेबलावर आणून बसवलं, असं मनातल्या मनात मी कितीदा म्हटलं असेन. सांगता मात्र कुणालाच येत नव्हतं.

गेल्या महिन्यात नाना साडेतीनलाच आले. जिन्यात तीनदा थांबले, मला वरून ऐकू येत होतं. अडुसष्ट वय, एक गुडघा गेलेला, आणि हातात ते दहा किलोचं धूड. वर येऊन खुर्चीत बसले तर पाच मिनिटं बोलता येईना. मी पाणी दिलं. त्यांच्या मनगटावर कॉम्प्युटरच्या कडेचा लाल वळ उठला होता, तो बघितला आणि मला माझीच लाज वाटली. एका म्हाताऱ्या माणसाला मी अकरा वर्षं हे ओझं वाहायला लावलं होतं, माझ्या एका थापेसाठी.

मी पर्समधून पेनड्राइव्ह काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. गाठबीठ काही नव्हती, वहीची नक्कल पहिल्यापासून माझ्याजवळ होती, तुम्हाला दोघांना त्याच दिवशी मोकळं करता आलं असतं. नाना, मला माफ करा, म्हटलं.

नानांनी पेनड्राइव्ह उचलला, उलटासुलटा केला आणि परत माझ्या पर्सवर ठेवला.

"हा कॉम्प्युटर तिसऱ्या वर्षी बंद पडला होता," ते म्हणाले. "आठवतंय? सांगलीला नेला. दुरुस्तीवाल्या पोरानं आतलं सगळं काढून एका दुपारी दुसऱ्यात घातलं. खोकं तेवढं बाहेरनं जुनं दिसतं. वही मजेत उघडली. गाठ तेव्हाच सुटायला पाहिजे होती की."

तिसऱ्या वर्षी एक शनिवार त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलाय म्हणून हात हलवत येऊन घालवला होता, तो मला आठवत होता. त्यातून मला काही उमगलं नव्हतं.

"मग तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं तुम्हाला?"

"तिसऱ्या कशाला? तू बोललीस तेव्हाच माहीत होतं. ती वही लॅपटॉपवर नेऊन मीच नव्हता का घोळ केला? नेता येते म्हणूनच घोळ झाला ना."

"मग इतकी वर्षं हे ओझं कशाला आणलंत, नाना?"

त्यांनी गुडघा चोळला. "नुसतं येऊन काय सांगून बसायचं, कुंदा?" म्हणाले. "आणि हे बघ, आप्पाला यातलं काही बोलू नकोस. तो भाबडा आहे, त्याला खरंच वाटतंय."

जिन्यात आप्पांची चप्पल वाजली. मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला. आप्पा आत आले, दार लोटून घेतलं, पिशवीतून डबे काढून नेहमीप्रमाणे एकेक टेबलावर मांडले. पाच डबे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. निळे होते. दर महिन्याला मी या डब्यांना वायरी जोडत आले आणि हे काळ्याचे निळे कधी झाले ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. काळ्या डब्यांतले तीन लाख फोटो काही आपल्या पायांनी चालत निळ्यांत गेले नव्हते. कुणीतरी ते उचलून नेले होते, आणि गाठ शाबूत होती. आप्पांनी माझी नजर बघितली. पिशवीची घडी घालता घालता त्यांनी डोळ्यांनीच नानांकडे खूण केली आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, बोलू नकोस म्हणून.

मग ते दाराशी त्यांच्या जागेवर बसले. "उशीर झाला का रे मोऱ्या?" त्यांनी विचारलं.

"नाही, मीपण आत्ताच आलोय," नाना म्हणाले.

मी वायर जोडली.